फोटोत चकाचक, आत भोकं: जुन्या स्पोर्ट्स कारचा गंज आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कार्ब्युरेटरवर चार पानं लिहिली तर तीन पत्रं आली, आणि शेवटी सहज "गंजाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा" अशी एक ओळ टाकली तर इनबॉक्स फुल्ल. पत्रं वाचून एक गोष्ट लक्षात आली, की बहुतेकांनी गाडी ऑनलाइन बघून मनात पक्की केलेली आहे, फक्त माझ्याकडून "घ्या बिनधास्त" एवढं ऐकायचंय. ते मी म्हणणार नाही. मी परळला मामाच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकलो, नंतर तीस वर्षं कॉव्हेंट्रीत हेच काम केलं, आणि पेंटखाली काय काय निघतं ते बघून बघून आता नव्या गाडीलाही टिचकी मारून बघायची सवय लागलीय.

प्रश्न: काका नमस्कार, मी लेस्टरला असतो, मूळचा सांगलीचा. १९७२ ची एमजीबी रोडस्टर ऑनलाइन बघितलीय, लाल रंग, क्रोम बंपर, ३१ फोटो टाकलेत, किंमत ९,५०० पौंड. जाहिरातीत लिहिलंय "एकदम सॉलिड गाडी, २०११ ला नवीन सिल टाकलेत, खालून आत्ताच अंडरसील केलंय". गाडी स्कॉटलंडमध्ये आहे, इथून सहा-सात तास ड्राइव्ह. बायको म्हणते बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नको, मालक म्हणतो शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. नुसत्या फोटोवरून गंज कळतो का?

अरे बाबा, बायकोचं ऐक. खरं तर इथेच उत्तर संपलं, पण संपादकांना पानं भरून हवीत आणि तुला गाडी हवीय, तर सविस्तर सांगतो.

आधी ही गाडी उभी कशावर असते ते समजून घे. हिच्या आधीची एमजीए होती तिला खाली वेगळी चासी होती आणि वर बॉडी बसवलेली. १९६२ ला ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी निघाली तेव्हा वेगळी चासी गेली आणि पत्र्याची बॉडी हीच चासी झाली, आपल्या आत्ताच्या गाड्यांचं असतं तसं. त्यात रोडस्टरला छप्पर नाही. मग पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून ठेवतं कोण, तर मधला गिअरबॉक्सचा बोगदा आणि दारांखालचे दोन सिल. बाहेरून आपल्याला दाराखाली चार बोटं रुंदीची पट्टी दिसते आणि आपण म्हणतो हा सिल, पण तो सिलचा फक्त चेहरा आहे. आत आणखी एक पत्रा, दोघांच्या मधे एक उभा पडदा, आणि सगळ्यांच्या खाली एक पन्हाळीसारखा पत्रा ज्याला इकडे कॅसल सेक्शन म्हणतात, कारण त्याच्या कडेला किल्ल्याच्या तटावर चर्या असतात तशा खाचा आहेत. ही सगळी मिळून एक बंद पेटी होते आणि त्या पेटीवर गाडी उभी राहते. आता हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्यातून उडून पेटीत जातं, तळाला चिखल साचून बाहेर पडायच्या जागा बुजतात, आणि पेटी आतून कुजायला लागते. बाहेर पेंटवर पहिला फुगा दिसतो तेव्हा आतला पडदा कधीच चाळणी झालेला असतो. म्हणून मी फुग्यांना घाबरत नाही, फुगे प्रामाणिक असतात, मला भीती वाटते ती ताज्या गुळगुळीत पेंटची.

आता "२०११ ला नवीन सिल टाकलेत" हे वाक्य बघ. नीट सिल बदलायचा तर पुढचा मडगार्ड खोलावा लागतो (तो बोल्टने असतो, निघतो), आणि मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो कारण सिल त्याच्या मागे आत गेलेला असतो आणि मागचा मडगार्ड वेल्डिंगने जोडलेला आहे. शिवाय रोडस्टरचा सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी बार लावून बॉडी बांधून घ्यावी लागते, नाहीतर बॉडी हलते आणि मग जन्मात दार नीट बसत नाही. एवढं सगळं काम कोणी केलं तर फोटो काढतोच, पैसे दिलेला मालक तर कौतुकाने काढतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचार, "सिल बदलताना काढलेले फोटो आहेत का, किंवा बिल?" नाहीत म्हणाला तर दुसरी शक्यता जास्त, की कुजलेला सिल तसाच ठेवून त्याच्यावर नवीन पत्र्याचं टोपण वेल्ड केलंय. बाहेरून नवीकोरी दिसते, आत जुनी घाण तशीच, आणि वरून आता ओल निघायलाही जागा नाही.

टोपण ओळखायची एक सोपी खूण आहे. मालकाला म्हण, गाडीच्या बाजूला जमिनीवर आडवा होऊन सिलच्या खालच्या कडेचा फोटो काढ, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंचा. त्या तटाच्या खाचा आणि पत्र्यांची जोडलेली कड स्वच्छ दिसली पाहिजे. तिथे खाचाच नाहीत, सगळं सपाट गुळगुळीत, कड आत दुमडलेली, असं दिसलं तर टोपण आहे असं धरून चाल. त्या ३१ फोटोंत हा एक नसणार, पैज लावतो. बाराएक फोटो डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगचे असतील, दोन इंजिनचे, एक सूर्यास्ताचा.

आणि ते "आत्ताच अंडरसील केलंय". विकायच्या आधी खालून काळा डांबरासारखा थर मारणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी घराला चुना मारण्यासारखं आहे, चांगल्या घरालाही मारतात पण ओलीच्या डागांवर नक्की मारतात. खालचा फोटो मोठा करून बघ, काळा थर ब्रेकच्या पाइपवर, रबरी बुशवर, एक्झॉस्टवर उडालाय का? ज्याने काळजीने काम केलं तो या गोष्टी झाकून मग फवारतो. सगळीकडे एकसारखं काळं असेल तर ते विकण्यासाठी मारलंय. डांबराचा थर वाळला की तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि थराच्या मागे बसून आरामात पत्रा खातं, वरून काही कळत नाही. पोकळ भागांत आतून मेण फवारतात ते वेगळं, ते चांगलं, पण तेही स्वच्छ कोरड्या पत्र्यावर.

पुढे आतले फोटो माग. कार्पेट उचलून पाय ठेवायच्या जागेचे कोपरे, जिथे फरशी आतल्या सिलला मिळते तिथले. या गाडीत काचेच्या खाली जी हवेची जाळी आहे तिच्यातून पाणी आत जातं, ते खाली उतरायला एक रबरी नळी आहे, ती झाडाच्या पानांनी तुंबली की पाणी हीटरच्या बाजूने थेट पायाशी येतं. मालक म्हणेल छत गळतं, सगळ्याच जुन्या रोडस्टर गळतात, हसून सोडून देईल. छतही गळतं हो, पण कार्पेटखाली जाड काळं डांबरी अस्तर असतं आणि ते एकदा भिजलं की उन्हाळाभर ओलंच राहतं. मग सीटच्या मागची फळी उघडायला सांग. १९७२ च्या गाडीत तिथे खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आता बहुतेकांनी एक बारा व्होल्टची टाकलेली असते, पण पेट्या दोन्ही तिथेच असतात. ॲसिड सांडून आणि खालून पाणी उडून पेट्यांचे तळ गेलेले असतात. त्याच भागात मागच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, पुढचं टोक बॉडीला अडकवलेलं असतं. तिथला पत्रा कुजला असेल तर प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही, मागचा ॲक्सल कशाला धरून आहे असा होतो.

आता एक व्हिडिओ माग, हा सगळ्यात भारी. गाडी एका बाजूने जॅक लावायच्या मूळ जागेवर उचलायची आणि उचललेली असताना त्या बाजूचं दार उघडायचं-लावायचं. चांगल्या बॉडीत दार आधी लागत होतं तसंच लागतं. सिल गेलेले असतील तर गाडी मधून वाकते, दाराची फट बदलते आणि दार अडकतं, किंवा जॅकच पत्र्यात घुसतो आणि करकर आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही माणूस. जो मालक म्हणतो "तसं नको, जॅक इथे न लावलेलाच बरा", त्याने तुला उत्तर दिलेलं आहे. (हीच परीक्षा जीटी मॉडेलवर तेवढी चालत नाही, तिला छप्पर आहे, छप्पर बॉडीला सांभाळून घेतं.)

दारांच्या काचेजवळ, पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेच्या खाली, पत्र्याला बारीक उभी चीर दिसली तर लगेच घाबरू नको, हे एमजीबीच्या दारांचं जुनं दुखणं आहे आणि सिलशी त्याचा संबंध असेलच असं नाही. हेडलाइटच्या वर-मागे फुगे असतील तर तेही चालतं, मडगार्ड बोल्टने निघतो, नवीन मिळतो. या गाडीचं एक सुख आहे, पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या त्यामुळे पत्रे सगळे मिळतात, १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेजवाले अख्खी नवीन बॉडी विकतात. पत्रा स्वस्त असतो, मजुरी महाग. सिलचं काम नीट केलं तर काही हजार पौंड सहज, म्हणजे तुझी ९,५०० ची गाडी कुठे जाते बघ.

साध्या फोटोंतूनही थोडं कळतं. गाडीच्या बाजूचा फोटो घे आणि पत्र्यात पडलेलं प्रतिबिंब बघ, कुंपणाची किंवा विटांची रेघ सरळ आहे की मडगार्डाच्या खाली येऊन लाटा मारते? लाटा म्हणजे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. ओल्या गाडीचे फोटो मी बघतच नाही, पाण्याने सगळं चमकतं. लोहचुंबक फिरवून व्हिडिओ मागता येतो, कापडात गुंडाळलेलं साधं चुंबक, जिथे लांबीचा जाड थर आहे तिथे ते गळून पडतं. पण टोपणाच्या सिलवर चुंबक टणकन चिकटेल हे लक्षात ठेव, नवीन पत्राच आहे तो. पेंटची जाडी मोजायचं यंत्रही तिथे तसंच फसतं. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आकडा हजाराच्या वर गेला तर लांबी, एवढं ते सांगेल, पण पेटीच्या आतलं नाही सांगत.

आतलं बघायचं तर मोबाइलला लागणारा सापासारखा छोटा कॅमेरा येतो, स्वस्त असतो, सिलच्या भोकातून आत घालायचा. आणि हे मालकाला सांगून होणार नाही, त्याला माणूस पाहिजे. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, एमजी ओनर्स क्लब आहे, दोघांचे मेंबर देशभर पसरलेत, त्या गावाजवळ कोणीतरी म्हातारा असतोच ज्याला दुसऱ्याच्या गाडीखाली झोपायला आवडतं. त्याला पेट्रोलचे पैसे आणि वर एक चांगली बाटली दे. नाहीतर पैसे घेऊन गाडी तपासणारे लोक आहेत, पण त्यांना सांगायचं की सिल आणि स्प्रिंगच्या जागा बघून फोटो पाठव, दोन पानांचा गुळगुळीत रिपोर्ट नको.

माझंच सांगतो. कॉव्हेंट्रीत आल्यावर चौथ्या वर्षी मी जीटी घेतली, हिरवी, फोटोवरून, कारण मी स्वतः डेंटर, मला कोण फसवणार. गाडी घरी आली, संध्याकाळी सहज स्क्रू-ड्रायव्हर सिलला लावला, जोर नाही दिला हो, नुसता टेकवला, तो मुठीपर्यंत आत. कापून बघितलं तर आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिच्यावर लांबी, आणि जाळी टेकायला मागे वर्तमानपत्राचे बोळे. एक बोळा मी उलगडला, फुटबॉलचे निकाल होते, तारीख गाडी विकली त्याच्या आठ महिने आधीची. मालक मला म्हणाला होता माझ्याकडे नऊ वर्षं आहे, काही काम निघालं नाही. तो कागद अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

प्रश्न: गाडी ४० वर्षांच्या वरची असली की एमओटी (इथली गाडीची दरवर्षीची तपासणी) लागत नाही म्हणतात. मग मालक "एमओटी एक्झेम्प्ट" लिहितो ते चांगलं की वाईट? — बर्मिंगहॅमहून एक वाचक

चांगलंही नाही आणि वाईटही नाही, नुसता नियम आहे. २० मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाडीला, तिच्यात फार मोठे बदल केलेले नसतील तर, दरवर्षीची तपासणी बंधनकारक नाही. म्हणजे २०१८ नंतर त्या गाडीखाली कोणी गेलेलंच नाही असं होऊ शकतं, आणि मीठ तर तेव्हापासून दर हिवाळ्यात पडतंय.

पण तुमच्या हातात एक फुकटचं हत्यार आहे आणि लोक ते वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाका, २००५ पासूनच्या सगळ्या एमओटी दिसतात, पास-नापास, मायलेज, आणि तपासणाऱ्याने लिहिलेल्या सूचना. त्या सूचना एकापाठोपाठ वाचा, बखरीसारख्या. एका वर्षी लिहिलंय सिलला किरकोळ गंज, पुढच्या वर्षी लिहिलंय गंज वाढतोय, तिसऱ्या वर्षी नापास, आणि चौथ्या दिवशी पास! चार दिवसांत काय झालं, तर तुकडा ठोकला. तिथे नेमकं बोट ठेवून मालकाला विचारायचं, "२०१४ ला डाव्या बाजूला काय केलं होतं?" तो गडबडला तर समजा.

एक लक्षात ठेवा, गंजावरून नापास करायचा नियम मुख्यतः सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट जिथे बॉडीला अडकवलेत त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा कसा आहे यावर असतो. आणि तपासणारा काही खोलून बघू शकत नाही, कार्पेट उचलत नाही, छोट्या हत्याराने टकटक करतो आणि ऐकतो. जाड अंडरसील असेल तर टकटकही बद्द येते. म्हणून ताजी एमओटी असली तरी मी नाचत नाही. तरीपण विकणाऱ्याला म्हणा, विकायच्या आधी एक करून दे, पैसे मी देतो. फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स आहे. गाडी खरंच चांगली असेल तर कोण नाही म्हणेल?

प्रश्न: दादा, मी मँचेस्टरला असते. जपानहून आणलेली १९९१ ची युनोस रोडस्टर बघतेय, म्हणजे इकडची माझदा एमएक्स-५ च. विकणारा म्हणतो जपानमध्ये मीठ नाही त्यामुळे गंज शून्य. खरं का? सोबत जपानी ऑक्शन शीट (लिलावाच्या वेळी गाडीची हालत लिहिलेला कागद) पाठवलंय पण त्यावर गाडीच्या चित्रावर नुसती इंग्रजी अक्षरं आहेत.

ताई, अर्धं खरं आहे. जपानमध्ये उत्तरेकडे भरपूर बर्फ पडतो आणि रस्त्यावर मीठही टाकतात, शिवाय समुद्र चारी बाजूंनी. गाडी कुठल्या भागातली ते विचारा. आणि दुसरं म्हणजे ती इकडे येऊन किती वर्षं झाली? मागच्या वर्षी आली असेल तर गोष्ट वेगळी, २००५ ला आली असेल तर ती आता इंग्लिशच झाली, तिने इथले सगळे हिवाळे खाल्लेत.

ऑक्शन शीट मात्र कामाची चीज आहे. त्यातली अक्षरं अशी: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून-रंगवून झालेलं काम, पत्र्यात लाट दिसते ते. एस म्हणजे गंज, जपानीत गंजाला सबि म्हणतात त्याचा एस, आणि सी म्हणजे त्याच्याही पुढचं, पत्रा खाल्लेला. दोनदा एक्स असेल तर तो भाग बदललेला आहे. अक्षरापुढचा आकडा जेवढा मोठा तेवढी भानगड मोठी. तुमच्या शीटवर मागच्या चाकाच्या पुढे डब्ल्यू २ आहे. नेमकी तिथेच माझी बोटं जातात, कारण या गाडीचा गंज तिथे असतो.

कारण सांगतो. कापडी छत घडी होऊन सीटच्या मागे बसतं, तिथे पाणी जमतं, ते जायला दोन्ही बाजूंना नळ्या आहेत. नळ्या पानांनी आणि मातीने भरल्या की पाणी सिलच्या मागच्या टोकात उतरतं आणि तिथेच बसून राहतं. बाहेरून मागच्या चाकाच्या पुढे, सिलच्या खालच्या टोकाला फुगा येतो, लोक तिथे पुट्टी भरून रंगवतात आणि ते जेमतेम एक हिवाळा टिकतं. विकणाऱ्याला एक व्हिडिओ सांगा: छताच्या नळीत बाटलीभर पाणी ओत आणि गाडीखालून ते बाहेर पडताना दाखव. दोन मिनिटांचं काम. पाणी आत गेलं आणि बाहेर आलंच नाही तर ते कुठे गेलं ते तुम्हाला कळलंच.

नळ्या वाहत्या असतील आणि डब्ल्यू म्हणजे नुसता कधीतरी गेट घासलेला पोचा निघाला तर गाडी जरूर घ्या, पहिल्या मॉडेलसारखी मजा पुढे नाही. १९९८ नंतरचं दुसरं मॉडेल स्वस्त मिळतं म्हणून तिकडे वळू नका मात्र, त्याच्या पुढच्या चासीच्या पट्ट्या दुहेरी पत्र्याच्या आहेत आणि मधल्या मधे सडतात.

प्रश्न: आमच्याकडे मडगावला एक सॅन स्टॉर्म विकायला आहे, ऑनलाइन जाहिरात बघितली. फायबरची बॉडी आहे, म्हणजे गंजाचा विषयच नाही ना?

अहो, विषय आहेच, फक्त दिसत नाही एवढंच! स्टॉर्म ही आपल्या गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, रेनॉचं इंजिन, बॉडी फायबरग्लासची. फायबर गंजत नाही हे खरं, पण त्याच्या खाली चाकं, सस्पेन्शन आणि इंजिन लोखंडालाच अडकवलंय ना. लोटसची जुनी इलान अशीच, वर फायबर आणि खाली पाठीच्या कण्यासारखी पत्र्याची चासी, कित्येक इलान वरून कोऱ्या राहिल्या आणि आतला कणा गेला. पत्र्याची गाडी निदान फुगे आणून सांगते, फायबरची शेवटपर्यंत बोलत नाही.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ नसतं पण कोकण-गोव्याची खारी हवा आणि चार महिने पाऊस पुरेसा आहे. जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा, मडगावलाच आहे तर जाऊन या, शक्यतो पावसाळ्यात. ओळखीच्या गॅरेजवर लिफ्टला चढवा, चासीवर हातोडीने हळू ठोका, खणखणीत वाजलं पाहिजे. सस्पेन्शनचे बोल्ट, दाराच्या बिजागऱ्यांच्या मागचं लोखंड, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप बघा. सीटखालचं कार्पेट हाताने दाबा, ओलं लागलं तर गाडी किती दिवस कुठे उभी होती ते विचारा. नारळाखाली ताडपत्री टाकून उभी केलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा जास्त खराब होते, ताडपत्रीखाली वाफ कोंडते. पार्ट मिळणं कठीण आहे, त्यामुळे चासी धड असेल तरच पुढचं बोला.

प्रश्न: उशीर झाला काका. डीलरकडून ऑनलाइन गाडी घेतली, ट्रकवर घरपोच आली, तीन आठवडे झाले. गॅरेजवाला म्हणतो सिलमध्ये नुसता फोम आणि लांबी. जाहिरातीत "नो रस्ट" लिहिलं होतं. आता काय? — स्लाऊहून

वाईट वाटलं वाचून. पण तुमची वेळ पूर्ण गेलेली नाही, आजच हालचाल करा. इंग्लंडमध्ये डीलरकडून घेतलेल्या मालाला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, आणि माल सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा निघाला तर ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तुमचे २१ झालेत. फोनवर गोड बोलण्यात दिवस घालवू नका, "गाडी परत करतोय" असं स्पष्ट लेखी कळवा, ईमेलने. जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती कधी गायब होईल सांगता येत नाही. गॅरेजकडून फोटोसकट लेखी घ्या, आणि गाडीला आता हात लावू देऊ नका, वेल्डिंग तर अजिबात नाही, चालवूही नका. (अंतरावरून, न बघता डीलरकडून घेतलं तर १४ दिवसांत कारण न देताही रद्द करता येतं, ते तुमचे गेले, पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा.)

खासगी माणसाकडून घेतली असती तर मात्र अवघड होतं. त्याने वर्णन खोटं केलं एवढंच आपल्याला सिद्ध करता येतं, म्हणून खासगी व्यवहारात मालकाला मेसेजवर सरळ प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यायचं. "सिलमध्ये लांबी किंवा टोपण आहे का, तुमच्या माहितीप्रमाणे?" फोनवर "सॉलिड आहे हो" म्हणणारा माणूस मेसेजवर तेच लिहायला फार वेळ घेतो.

जाता जाता: अंक छपाईला जाता जाता लेस्टरच्या सांगलीकराचा मेल आला. त्याने पाच गोष्टी मागितल्या होत्या. कार्पेटखालचे फोटो आले, बरे आहेत. बॅटरीच्या पेट्यांचे आले, एका पेटीला तळ नाही पण ते मालकाने स्वतःहून सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा त्याच्या खात्यात जमा. सिल बदलतानाचे फोटो "जुन्या फोनमध्ये होते". जॅकचा व्हिडिओ आला नाही. आणि खालच्या कडेचा फोटो का नाही विचारलं तर म्हणाला पाऊस चालू आहे, जमिनीवर आडवं होता येत नाही. याने लिहिलं, काही घाई नाही, पाऊस थांबला की काढा. त्याला आता सतरा दिवस झाले. शनिवारचं गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे. गाडी अजून जाहिरातीतच आहे, किंमत ८,७५० झालीय, आणि त्या ३१ फोटोंत आणखी एकाची भर पडलीय, तोही डॅशबोर्डचाच.